चावलेली काडी

"जाड झाली. उद्या परत चाव."

माझ्या बायकोचं माझ्याशी हे शेवटचं बोलणं. यात विशेष काही नाही. असं ती मला जन्मभर बोलत आली.

सिंगापूरला चोआ चू कांगमधे आमच्या ब्लॉकखाली भिंती नाहीत, नुसते खांब आहेत आणि मधे बाक. इथं त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथं आम्ही संध्याकाळी बसलो होतो. माळ्यांनी बांबूचं कुंपण छाटून कडेला ढीग केला होता, त्यातल्या चार काड्या तिनं निवडून आणल्या. मी साल काढली आणि टोक चावायला घेतलं. चावून दिली. तिनं टोक तळहातावर टेकवलं, एक रेघ ओढून बघितली, तोंड वाकडं केलं आणि वरचं वाक्य बोलली. मी काडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. लिफ्टनं वर गेलो. त्याच संध्याकाळी ती गेली. ते पुढे सांगतो, कारण तिच्याबद्दल सांगायचं म्हटलं की मरण्यापासून सुरुवात करणं बरं नाही.

आम्ही वारली. डहाणूकडचे. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे चिकूच्या वाडीत कामाला लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. ती शाळेत गेलीच नाही. आमच्यात ब्रश विकत आणत नाहीत. बांबूची काडी घ्यायची, टोक दातांनी चावायचं, तंतू मोकळे झाले की थुंकी पुसायची, झाला ब्रश. तांदूळ भिजवून वाटायचा, त्यात थोडा डिंक, झाला रंग. तिचे दात लवकर गेले आणि कवळीनं बांबू चावता येत नाही, कवळीच बाहेर येते. मग ते काम माझ्या दातांवर आलं. लोक म्हणतात, केवढी मोठी कलाकार. असेल. पण तिच्या प्रत्येक रेघेच्या मागे माझी थुंकी आहे, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं मी बघितलं नाही.

ती विचित्र बाई होती. मी नवरा आहे म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला राग येईल.

सगळ्या जगाशी ती मराठीतच बोलायची. भाजीवाल्या चिनी बाईशी, बसच्या ड्रायव्हरशी, डॉक्टरशी. "कोथिंबीर शिळी आहे, आतली दे." ती चिनी बाई आतली काढून द्यायची. मी मोडकं हिंदी बोलून शिळीच घेऊन यायचो. नात तारा म्हणायची, "आजी, शी डझन्ट अंडरस्टँड यू लाह." म्हातारी म्हणायची, "तिला कळलं. तुला कळत नाही."

चित्रातल्या माणसांशीही बोलायची. आमच्या चित्रात माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक. खालचा त्रिकोण काढला की ती थांबायची आणि विचारायची, "हां, तू कोण?" मग ठरवायची. हा ताडी काढणारा. ही भांडून माहेरी आलेली. हा सावकाराचा पोरगा, याला झाडावरून पाडू. ज्याचा राग आला तो माणूस हमखास झाडावरून पडताना दिसायचा. जावयाच्या साहेबानं त्याला दिवाळीला सुट्टी दिली नाही, तर तो साहेब एका मोठ्या हॉटेलच्या भिंतीवर अजून ताडावरून खाली येतोय. जावई आमच्या मुलीला म्हणाला, "सांगू नकोस कुणाला. पण आईंनी त्याची ढेरी बरोबर काढलीय."

हॉटेलच्या भिंतीपर्यंत ती कशी गेली, ते सांगायला हवं. गावाकडे ती लग्नाच्या घरी चौक काढायची. पुढे कुणी साहेब आला, म्हणाला भिंतीवर नको, कागदावर काढ. ती मला म्हणाली, "हे लोक भिंत गुंडाळून नेतात." मुंबईला प्रदर्शनं झाली, पेपरात फोटो आला. मग आमची मुलगी सुमन सिंगापूरला आली, चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या हिशेबाच्या कामाला. तारा लहान होती म्हणून आम्हाला बोलावलं. म्हातारीनं ताराच्या शाळेची एक भिंत रंगवली. ती हार्बरफ्रंटच्या एका डिझाइनच्या ऑफिसातल्या बाईनं बघितली. त्यांनीच तिचा कामाचा पास काढला, आणि आम्ही दोघं एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, ऑफिसला जाऊ लागलो. माझं तिथं काय काम? चावणं.

ऑफिसात तिला मोठं टेबल दिलं होतं. ती टेबलाखाली बसायची. म्हणायची, वर उजेड डोळ्यात जातो. भेटायला येणाऱ्या साहेबलोकांना वाकून बोलावं लागायचं. ऑफिसची मुख्य बाई चिनी, तरणी, हुशार. सगळे तिला मिस म्हणत. ती शेवटी स्वतःच उशी घेऊन खाली बसू लागली.

खिडकीतून बंदर दिसायचं. जहाजं, मालाचे डबे, ते डबे उचलणाऱ्या क्रेन. म्हातारीनं पहिल्या दिवशी त्या बघितल्या आणि मला विचारलं, "हे बगळे कुणाचे?" नंतर एका जहाज कंपनीच्या जेवणाच्या खोलीला भिंत हवी होती, तर तिनं तेच काढलं. उंच मानेचे बगळे चोचीत डबे धरून उभे, खाली माणसं हात वर करून, आपल्या वाटचं मागणारी. एक बाई डब्यात डोकावून बघते की माहेरून काय आलंय. त्या कंपनीचे लोक भिंतीसमोर उभे राहून हसले आणि मग गप्प झाले. तिथं जेवणारे निम्मे लोक घर सोडून आलेले होते, एवढं मलाही कळत होतं.

एकदा मात्र मोठं भांडण झालं. एका बांधकामाभोवती लांबच लांब पत्रे लावले होते, त्यावर तारपा नाच हवा होता. तारपा म्हणजे आमचं फुंकायचं वाद्य. वाजवणारा मधे, आणि नाचणारे हात धरून त्याच्याभोवती गोल. तिनं गोल काढून दिला. ऑफिसनं कॉम्प्युटरवर तो गोल उलगडून सरळ केला, आणि लांबी भरायला त्यातलीच माणसं पुन्हा पुन्हा चिकटवली. छापलेला नमुना जमिनीवर पसरला होता. म्हातारी त्याच्या कडेनं चालत गेली, वाकून बघत. तारा तेव्हा सुट्टीत आमच्याबरोबर यायची, ती मिसला इंग्रजीत सांगत होती.

"हा मघाशी तिथं होता," म्हातारी म्हणाली. पुढे गेली. "हा पण तोच. ही बाई पण तीच. मेलेत का सगळे? एकच माणूस इतक्या ठिकाणी कसा?"

मिस म्हणाली, "आंटी, रिपीट. डिझाइनमध्ये रिपीट असतं."

"आणि यांनी तारप्याकडे पाठ केलीय. तारप्याकडे पाठ करून कुणी नाचतं? हिला सांग, इतक्या गर्दीत आईनं पोराला हाक मारली तर ओ कोण देणार? सगळेच देतील."

तारानं काय सांगितलं माहीत नाही, पण मिसही वाकून त्या नमुन्याच्या कडेनं चालत गेली. मग म्हणाली, वेळ नाही. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडे आहे." आणि एकेक माणूस वेगळा काढला, सगळ्यांची तोंडं तारप्याकडे, लांबीत जिथं बसले तिथं छोटे छोटे गोल. माझा जबडा त्या दिवसांत इतका दुखला की मी भातही चावू शकत नव्हतो. पत्रे उभे राहिल्यावर आम्ही बसमधून बघायला गेलो. ती म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या बाईचा पाय लहान झाला."

आता माझं सांगतो. तिच्या प्रत्येक चित्रात कडेला एक माणूस बसलेला असतो. तो नाचत नाही, शेतात जात नाही, लग्नाला आला तरी उठत नाही. तोंडात काडी धरून बसलेला असतो. तो मी. मी विचारलं होतं, मला एखादं काम दे की. ती म्हणाली, "तू करतोस तेच दिलंय."

एका दवाखान्याची भिंत होती. चित्र गेलं आणि निरोप आला की सगळं छान, फक्त विडी ओढणारा माणूस काढून टाका. दवाखान्यात विडी चालणार नाही. इथं साधं थुंकलं तरी दंड, तर विडी म्हणजे काय विचारता. मिसनं हळूच सांगितलं, तारानं मराठीत सांगितलं.

म्हातारी टेबलाखालून बाहेर आली. "विडी नाही ती. नवरा आहे."

"आजी, दे थिंक ही इज स्मोकिंग."

"त्यानं जन्मात विडी ओढली नाही. ताडी पितो, ते मी कुठे काढलंय?"

मिसला काही कळेना. मग तारानं माझ्या हातातली काडी घेतली आणि मला म्हणाली, "आजोबा, करून दाखवा." सगळं ऑफिस जमलं. मी खुर्चीवर बसून काडी चावली, त्या तरण्या पोरापोरींसमोर, माकडासारखा. चावून म्हातारीला दिली. तिनं तळहातावर टेकवली, रंगात बुडवली आणि मिसच्या वहीवर एक माणूस काढला, बसलेला, तोंडात काडी. दवाखान्याची भिंत तशीच गेली, खाली एक ओळ लिहून की हा माणूस ब्रश बनवतो आहे. म्हणजे पाटीवर एकदा माझंही आलं म्हणायचं. मी रक्तदाब दाखवायला तिथं जातो तेव्हा स्वतःसमोर बसतो.

तिनं सगळं काढून दिलं. कप, पडदे, पिशव्या, गालिचा. तो गालिचा बघून म्हणाली होती, "माझ्या माणसांवर पाय देणार? मग याच्यात काटे काढते," आणि काढले. फक्त एक गोष्ट दिली नाही. लग्नाचा चौक.

तो काय ते सांगतो. आमच्यात लग्नघराच्या भिंतीला गेरू फासतात आणि त्यावर चौक काढतात. नक्षीची चौकट, आणि आत पालघट देवी. देवीसमोर लग्न लागतं. तो चौक सवाशीण बाईनंच काढायचा, जिचा नवरा जिवंत आहे तिनं. चौक नसेल तर आमच्यात लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. एका हॉटेलला लग्नाच्या हॉलसाठी तो हवा होता. मिसनं खूप विनवलं. म्हातारी म्हणाली, "नवरी नसताना चौक काढला तर देवी येईल आणि विचारेल, नवरी कुठाय? मग तू जाशील का उभी राहायला?" मिसचं लग्न झालेलं नव्हतं. ती हसली आणि तो विषय तिथंच संपला. म्हातारी चौकाचा फोटोही काढू द्यायची नाही. गावाकडे तिनं किती काढले असतील, पण लग्न झालं की त्या भिंती पुन्हा लिंपल्या. आता तिच्या हातचा एकही चौक कुठे शिल्लक नाही.

चौक ती राखून ठेवत होती ताराच्या लग्नासाठी. तारा लहान असल्यापासून. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी माझ्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. "म्हाताऱ्या, माझं सवाशीणपण तुझ्या नरड्यात अडकलंय. गीळ." मी कंटाळा केला की म्हणायची, "पोरीचं लग्न होऊ दे, मग कुठे मरायचंय तिथं मर." मी तिला म्हणायचो, आणि तू आधी गेलीस तर? ती म्हणायची, "मी कशाला जाते? मला काय झालंय?" तिला खरंच काही झालेलं नव्हतं. सगळ्या गोळ्या माझ्या होत्या.

सुमननं चौक शिकावा असं तिला वाटत असेल. बोलली कधी नाही. लहानपणी सुमन तिच्याशेजारी बसून काढायची, हात चांगला होता. माझ्याकडून काडी घ्यायची आणि आईसारखीच तळहातावर टेकवून म्हणायची, "जाडंय, बाबा." मग कॉलेजला गेली, हॉस्टेलवर राहिली. तिथल्या मुली तिला काहीबाही बोलल्या, आदिवासी म्हणून. ती घरी आली आणि तिनं काडी हातात धरली नाही, पुन्हा कधीच नाही. बँकेत गेली, पुण्याच्या मुलाशी लग्न केलं. स्वतःच्या लग्नाला म्हणाली, चौक नको, हॉल आहे. म्हातारीनं तरी गावच्या घरात काढला, तिच्या माघारी, नवरी नसताना. मी विचारलं, आता देवी विचारेल की. ती म्हणाली, "विचारू दे. माझ्याकडे उत्तर आहे." काय उत्तर ते मला सांगितलं नाही.

आईचं इथं नाव झालं, ती पेपरात आली, तेव्हा सुमनच्या ऑफिसातले विचारायचे, तूही काढतेस का? ती म्हणायची, मला वेळ नसतो. एकदा आईनं ऐकलं. जेवताना म्हणाली, "वेळ मी देते. माझ्याकडे आहे." सुमन ताट घेऊन उठली. मायलेकींत त्यापेक्षा जास्त भांडण मी बघितलं नाही. त्याहून जास्त झालं असतं तर बरं होतं.

ताराचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, नागपूरकडच्या घरचा, चांगला आहे. तारा म्हणाली, "आजी, मला तुझी ती वॉल हवी. हॉल नको. घरी." म्हातारी तीन दिवस कुणाशी बोलली नाही इतकी खूश झाली. दुकानातून गेरू आणला. घरच्या हॉलमधला टीव्ही काढला. सुमनच्या सोफ्यावर जुन्या चादरी टाकल्या आणि आम्ही दोघांनी ती पूर्ण भिंत लाल केली. शेण इथं कुठलं, नुसता गेरू. सुमन कामावरून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, घर विकताना काय सांगू?" पण पर्स ठेवून तिनं एक कोपरा राहिला होता तो स्वतः फासला. म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं.

गावाहून माझी मेहुणी येणार होती. ती धवलेरी, म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई, चौकापुढे गाणी म्हणणारी. तिचं तिकीट काढलं होतं. लग्नाला महिना होता. काड्या आधीपासून तयार करायच्या, म्हणून त्या संध्याकाळी आम्ही खाली बसलो होतो.

वर गेल्यावर तिनं तांदूळ भिजत घातला, रंगाचा हात बसवायला. मग लाल भिंतीसमोर बसली. केस सोडले, पुन्हा बांधायला हात वर केले, आणि तशीच बाजूला कलंडली. मला वाटलं, आडवी झाली. मी म्हणालो, "उठ, चहा टाकतो." तारानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती पोरं लगेच आली, चांगली होती. हॉस्पिटलात डॉक्टर सुमनशी इंग्रजीत बोलला. सुमननं माझ्याकडे वळून मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि तिला ते आलंच नाही. मी म्हणालो, "राहू दे. कळलं."

सवाशीण गेली. बायका म्हणाल्या, भाग्याची. असेल. तिच्या कपाळाला कुंकू होतं आणि तिची भिंत रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई कागदपत्रांसाठी हॉस्पिटलात गेला. तिला घरी आणायचं होतं. मी हॉलमध्ये जमिनीवर बसलो होतो, भिंतीकडे तोंड करून. तारा बाजूला, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "आजोबा, मिसचा मेसेज आलाय. आजीची जुनी डिझाइन्स आहेत त्यांच्याकडे. त्यातून मोठं प्रिंट करून देते म्हणाली, वॉलवर लावायला." पोरगी भली आहे. पण त्यात चौक कुठून असणार?

गावाहून मेहुणीचा फोन आला होता. रडली, मग म्हणाली, लग्न पुढे ढकलू नका, दिवस होऊन जातील. पण चौक कोण काढणार ते सांगा. मी काय सांगणार? मी बाप्या, आणि आता त्यात विधुर. मी त्या भिंतीला हात लावू शकत नाही.

ताटलीत तिनं भिजवलेला तांदूळ तसाच होता. गोळीची वेळ झाली होती. मी उठून डबीतली गोळी स्वतःच तळहातावर घेतली. समोर कुणी उभं नव्हतं. गिळली. आता ती कशासाठी गिळायची, हे मला त्या सकाळी समजलं नाही, अजूनही नीट समजत नाही. मग सदरा बदलायला गेलो तर खिशात काडी. जाड झाली होती ती. उद्या परत चाव म्हणाली होती, आणि उद्या आलेला होता.

मी खाली बसून चावायला लागलो. चौक काढायला मला मनाई आहे. काडी चावायला कुणी मनाई केलेली नाही.

सुमन आतून आली, ओल्या केसांनी. भिंत बघितली, आईनं भिजवलेला तांदूळ बघितला, मला बघितलं. मग वाकून तिनं तांदळात बोटं घातली, एक दाणा चिमटीत चुरून बघितला. पाणी बदललं.

माझ्याशेजारी बसली. तिनं कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "बाबा, आधी काय काढते आई? देवी की चौकट?"

"चौकट," मी म्हणालो. "देवी नंतर. तुझ्या लग्नालाही तसंच काढलं होतं तिनं."

सुमननं माझ्याकडे बघितलं. तिला ते माहीत नव्हतं. ती भिंतीकडे बघत राहिली, आईचं उत्तर त्या लालात कुठे दिसतंय का असं. मग तिनं हात पुढे केला. मी काडी सदऱ्याला पुसून दिली.

तिनं टोक तळहातावर टेकवलं, एक रेघ ओढली.

"जाडंय, बाबा," ती म्हणाली. "परत चावा."

मी चावायला घेतली.